गियरची घेऊ की साधी? आधी तुमच्या रस्त्याचा चढ बघा

जून लागला की माझ्या इनबॉक्समध्ये दोन प्रकारचे मेसेज हमखास येतात. एक, "दादा, आमच्या पेठेत पाणी कधी सुटणार?" आणि दुसरा, "दादा, पोरीला शाळेला जायला सायकल घ्यायचीय. गियरची घेऊ की साधी?" पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नसतं. दुसऱ्याचं आहे, कारण बातमीदारीला मी सायकलवरच फिरतो हे साताऱ्यात बऱ्याच जणांनी बघितलंय. कलेक्टर ऑफिसच्या आवारात चारचाक्यांच्या मध्ये जी एक काळी सायकल तिरकी उभी असते, ती माझी.

प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितो. पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा.

थोडक्यात उत्तर हवं असेल तर ते असं. रोजचा रस्ता सपाट असेल आणि अंतर पाच-सहा किलोमीटरच्या आत असेल तर साधी घ्या, डोळे झाकून. रस्त्यात दम काढणारा चढ असेल तर गियर लागतो. पण एकवीस लागत नाहीत, सात पुरतात. आणि एक तिसरी गोष्ट आहे, ज्यासाठी ही पोस्ट लिहितोय. हा निर्णय फक्त आपल्या घरात होत नाही. सरकारी योजनेत होतो, झेडपीच्या वाटपात होतो, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला होतो. आणि तिथे मुलीच्या रस्त्यात चढ किती आहे, हा प्रश्न विचारलेला मी तरी कधी ऐकला नाही.

"हा काय सार्वजनिक प्रश्न झाला का?" असं काही जण म्हणतील. २०११ च्या जनगणनेत लोकांना विचारलं होतं की कामावर कशानं जाता. शेती आणि घरगुती उद्योग सोडून बाकीच्या कामगारांत साधारण १३ टक्के लोकांनी सायकल सांगितली. देशभरात ही संख्या अडीच कोटींच्या वर जाते. हे लोक ट्विटरवर नाहीत, त्यांची संघटना नाही, त्यांच्यासाठी कुणी मोर्चा काढत नाही. एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला जाणारा हेल्पर, रात्रपाळीचा वॉचमन, पहाटे पेपर टाकणारा पोरगा. मी ज्या धंद्यात आहे तो धंदा आजही सकाळी सहाला सायकलच्या कॅरिअरवरून तुमच्या दारात येतो, हे विसरू नका.

आता मूळ मुद्दा. गियर म्हणजे काय, हे दुकानदार सांगत नाही. तो "एकवीस गियर आहेत साहेब" एवढंच सांगतो. त्यामुळे आधी ते समजून घेऊ. चौथीचं गणित पुरेसं आहे.

सायकलला पुढे पायडलपाशी एक दात्यांची चकती असते, मागच्या चाकाला एक छोटी असते. समजा पुढे ४४ दाते आहेत आणि मागे १८. पायडल एकदा पूर्ण फिरवलं की मागचं चाक ४४ भागिले १८, म्हणजे जवळजवळ अडीच वेळा फिरतं. २६ इंची चाक एका फेऱ्यात दोन मीटरच्या किंचित वर जातं. म्हणजे पायडलच्या एका फेऱ्याला तुम्ही साधारण पाच मीटर पुढे जाता. मिनिटाला साठ वेळा पाय फिरवले, जे कुणालाही निवांत जमतं, तर तासाला १८ किलोमीटर वेग होतो. गावातल्या रस्त्यावर याहून जास्त वेग लागतो कुणाला? खड्डे आणि स्पीडब्रेकर आपल्याला तसंही यापुढे जाऊ देत नाहीत.

म्हणजे सपाट रस्त्यावर ती साधी सायकल, जिला आपण नाक मुरडतो, ती अगदी बरोब्बर बनवलेली असते. तिच्यात काही कमी नाही.

घोटाळा होतो चढावर. आपलं साताराच घ्या. किल्ल्याच्या उतारावर बसलेलं गाव. पोवई नाक्यावरून राजवाड्याकडे निघालात की रस्ता हळूहळू चढत राहतो. मोटारसायकलवर तो चढ कळतही नाही, सायकलवर मात्र देवी चौकाच्या आसपास बरोबर कळतो. पुढे समर्थ मंदिर, बोगदा म्हटलं तर विचारूच नका. गोडोलीतून शाहूनगरात वर चढताना तर धडधाकट माणूसही उतरून सायकल ढकलताना दिसतो.

समजा चढ पाच टक्के आहे, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की पाच मीटर वर. अशा चढावर सामान्य माणूस तासाला आठ किलोमीटरच्या आसपास चढेल. त्या वेगाला आपल्या ४४-१८ च्या साध्या सायकलवर पाय मिनिटाला जेमतेम २६ वेळा फिरतात. प्रत्येक फेऱ्याला अख्खं अंग पायडलवर टाकावं लागतं. माणूस सीटवरून उठतो, हँडल ओढतो, डुलत डुलत चढतो आणि शेवटी उतरतो. आता गियरच्या सायकलचा सगळ्यात हलका गियर घ्या, पुढे २४ दाते आणि मागे २८. एका फेऱ्याला पावणेदोन मीटर. त्याच चढावर, त्याच वेगाला पाय मिनिटाला पाऊणशे वेळा फिरतात आणि प्रत्येक वेळी पायावर येणारा जोर जवळपास एक तृतीयांश होतो.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. गियर तुमचे कष्ट कमी करत नाही. तेवढंच वजन तेवढ्याच उंचीवर न्यायचं असतं, ते काम कुणालाच चुकत नाही. गियर त्या कामाचे लहान हप्ते पाडून देतो एवढंच. लाखाचं कर्ज एकदम फेडायचं की महिन्याला थोडं थोडं, तसं. तरण्या पोराला एकरकमी झेपतं. चौदा वर्षांच्या पोरीला, पाठीवर सात-आठ किलोचं दप्तर घेऊन, किंवा पंचेचाळिशीच्या पुढच्या गुडघ्यांना झेपत नाही.

पंचेचाळिशीवरून एक किस्सा. टूर द फ्रान्स ही जगातली सगळ्यात नावाजलेली सायकल शर्यत. ती सुरू करणारे आंरी देग्रांज गियरचे कट्टर विरोधक होते. गियर हे पंचेचाळिशी उलटलेल्यांसाठी असतात, असं त्यांचं मत होतं. त्यांच्या शर्यतीत पळणाऱ्यांनी आल्प्स पर्वताचे घाट गियर बदलणाऱ्या यंत्राशिवाय चढायचे. मागचं चाक काढायचं, उलटं बसवायचं, म्हणजे दुसऱ्या बाजूची हलकी चकती मिळायची, आणि मग चढायचं. आजच्यासारखे गियर त्या शर्यतीत चालू द्यायला १९३७ साल उजाडलं. सांगायचा मुद्दा, "खऱ्या मर्दाला गियर लागत नाही" ही गोष्ट आपल्या कट्ट्यावरची नाही, शंभर वर्षं जुनी आहे आणि तेव्हाही ती चूकच होती.

मग सगळ्यांनी गियरचीच घ्यावी का? अजिबात नाही. दुसरी बाजू ऐका.

गियर बदलणारं जे यंत्र मागच्या चाकापाशी लोंबकळत असतं, त्याला डिरेलर म्हणतात. ते एका छोट्या धातूच्या कानावर टांगलेलं असतं. शाळेच्या स्टँडमध्ये दोनशे सायकली एकमेकींवर रेललेल्या असतात हे डोळ्यासमोर आणा. एक पडली की ओळीनं दहा पडतात. सायकल उजव्या अंगावर पडली की तो कान वाकतो. वाकला की चेन हव्या त्या चकतीवर बसत नाही, गियर उड्या मारायला लागतो. फारच वाकला आणि तुम्ही तसंच दामटवलं तर डिरेलर थेट मागच्या चाकाच्या तारांत जातो. मग तारा, डिरेलर, चेन, सगळंच बदला.

पावसाळ्यात तर आणखी. साध्या सायकलची चेन जाड असते, सरळ रेषेत पळते, वरून पत्र्याचं चेनकव्हर असतं. चिखल कमी लागतो, पँटचा पाय किंवा ओढणी अडकत नाही. गियरच्या सायकलची चेन बारीक, डावी-उजवीकडे हलणारी आणि बहुतेक वेळा उघडी. आठ दिवस धुतली-पुसली नाही, तेल दिलं नाही, की कुरकुरायला लागते. आपल्याकडच्या जुलै महिन्यात कोण रोज चेन पुसत बसणार?

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुरुस्ती कोण करणार? आमच्या भागात एक सायकलवाले काका आहेत. पंक्चर, ब्रेक, चाकाचा आउट काढणं, यात त्यांचा हात कुणी धरणार नाही. पण गियरची सायकल आली की म्हणतात, "ठेवून जा, बघतो." ती सायकल मग तिथे आठ-दहा दिवस उभी असते. यात काकांचा दोष नाही. त्यांना ते कुणी शिकवलंच नाही आणि सुटे भाग जवळपास मिळत नाहीत. पण त्या आठ-दहा दिवसांत पोरगं शाळेला कशानं जातं? बापाच्या मोटारसायकलवर. आणि एकदा सवय मोडली की सायकल गॅलरीत जाते, तिच्यावर टॉवेल वाळत पडतात. अशा टॉवेलच्या सायकली तुमच्या सोसायटीत किती आहेत, एकदा मोजून बघा. बहुतेक गियरच्याच निघतील.

म्हणून मी म्हणतो, फलटणला, कोरेगावात, कऱ्हाडच्या सपाट भागात, सांगलीत राहत असाल तर गियरच्या सायकलवर वरचे चार-पाच हजार घालवू नका. तेच पैसे चांगले टायर, चांगले ब्रेक, मडगार्ड, कॅरिअर, लाइट आणि एक दणकट कुलूप यावर घाला. रोजच्या वापरात हे जास्त उपयोगी पडतं. दुकानात गियरची सायकल बघायला गेलात तर नीट बघा. मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, चेनकव्हर नाही, कधी कधी बेलही नाही. पुढे मात्र शॉकॲब्सॉर्बर असतो, जाडजूड टायर असतात. स्वस्तातला तो शॉकॲब्सॉर्बर वजन वाढवतो आणि उभं राहून पायडल मारलं की तुमचाच जोर खातो. जाहिरातीतला पोरगा डोंगरावरून उडी मारतो. आपल्या पोराला मारायचीय फक्त शाळेची पहिली घंटा चुकू नये म्हणून टांग.

आता त्या एकवीस गियरची गंमत. पुढे तीन चकत्या, मागे सात, तीन गुणिले सात एकवीस. कागदावर बरोबर. पण गणित करून बघा. पुढची ४२ दात्यांची आणि मागची २४ ची धरली तर प्रमाण येतं १.७५. पुढची ३४ आणि मागची २० धरली तर १.७. पुढची २४ आणि मागची १४ धरली तर १.७१. तीन वेगवेगळे गियर, पायाला जवळपास एकच. शिवाय पुढची सगळ्यात मोठी आणि मागचीही सगळ्यात मोठी, अशी जोडी लावली की चेन तिरकी ताणली जाते आणि लवकर झिजते. म्हणजे एकवीसपैकी खरोखर वेगळे आणि वापरण्यासारखे गियर त्याच्या निम्मेच भरतात. म्हणून गियर घ्यायचाच असेल तर पुढे एक चकती आणि मागे सात, अशी सायकल शोधा. पुढचा डिरेलर नाही, एक केबल कमी, डाव्या हाताचं शिफ्टर नाही, बिघडायला तेवढीच जागा कमी. फक्त पुढची चकती फार मोठी नको. दुकानदाराला दाते मोजून दाखवायला सांगा. तो हसेल, हसू दे.

गियर चाकाच्या मधल्या डब्यात बंद असलेल्या सायकलीही असतात. इंग्लंडमध्ये अशी तीन गियरची चाकं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बनू लागली. चिखल लागत नाही, पडली तरी वाकत नाही. रोज ये-जा करणाऱ्यासाठी खरं तर हीच सगळ्यात उत्तम. पण आपल्या बाजारात ती सहज मिळत नाही आणि मिळाली तर परवडत नाही. म्हणून तिच्या नादी लागायला सांगत नाही.

तुमच्याकडे आधीच साधी सायकल आहे आणि चढ थोडाफारच आहे, तर एक स्वस्तातला उपाय आहे. मागचं फ्रीव्हील बदला. १८ दात्यांचं काढून २० किंवा २२ चं बसवा. काही शे रुपयांचं काम, सायकलवाल्या काकांना अर्ध्या तासात जमतं, फार तर चेनची एखादी कडी वाढवावी लागते. २२ चं बसवलं की पायडलच्या एका फेऱ्याला पाचऐवजी चार मीटर जाता. सपाटीवर वेग थोडा कमी होतो, मिनिटाला साठ फेऱ्यांना तासाला १४ किलोमीटरच्या वर. पण चढावर पायावरचा जोर जवळपास एक पंचमांशानं हलका होतो. माझ्या सायकलला २२ चंच आहे. नाक्यावरून राजवाडा मी न उतरता चढतो. शाहूनगर नाही चढत, तिथे उतरतोच. तिथे राहत असतो तर मी गियरची घेतली असती, कुणाचंही न ऐकता.

चढाइतकाच उतारही बघा, हे पालक विसरतात. जी पोरगी संध्याकाळी ढकलत वर येते, तीच सकाळी त्याच रस्त्यानं सुसाट खाली येते. जुन्या पद्धतीच्या सळईच्या ब्रेकनं ओल्या रिमवर सायकल लवकर थांबत नाही. उताराच्या भागात राहत असाल तर गियर असो नसो, दोन्ही चाकांना केबलचे चांगले ब्रेक असलेली सायकलच घ्या आणि पावसाळ्याआधी ब्रेकचे रबर बदलून घ्या. गियर नसला तर पोर दमेल, एवढंच. ब्रेक नसला तर काय होईल ते मी लिहीत नाही. आम्हाला तशा बातम्या लिहाव्या लागतात, त्या नकोच.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं तिकडे येतो.

बिहार सरकारनं २००६ मध्ये नववीतल्या मुलींना सायकलसाठी पैसे द्यायला सुरुवात केली, सुरुवातीला दोन हजार रुपये. त्या रकमेत गियरची सायकल येणं शक्यच नव्हतं. साध्या, काळ्या किंवा निळ्या सायकली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी त्याचा अभ्यास केला, तेव्हा दिसलं की योग्य वयात माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचं प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढलं आणि मुलगा-मुलगीतली दरी ४० टक्क्यांनी कमी झाली. एका साध्या सायकलनं एवढं केलं. ज्यांना सायकल म्हणजे गरिबाचं वाहन वाटतं त्यांनी हे दोन आकडे लक्षात ठेवावेत.

पण बिहारचा बहुतांश भाग म्हणजे गंगेचं मैदान. तळहातासारखी सपाट जमीन. तिथे साधी सायकल हेच बरोबर उत्तर होतं. आपल्याकडेही अशी योजना आहे. मानव विकास कार्यक्रमात राज्यातल्या मागास तालुक्यांत, शाळेपासून पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलसाठी अनुदान मिळतं. २०२२ मध्ये ते साडेतीन हजारांवरून पाच हजार झालं. झेडपीच्या महिला व बालकल्याण विभागांच्या योजनांतूनही सायकली दिल्या जातात. आणि आमदार-खासदारांचे वाढदिवस आहेतच. फोटो आम्हीच छापतो. मंडपात रांगेत उभ्या नव्या कोऱ्या सायकली, हँडलला प्लॅस्टिक तसंच, शेजारी हसणाऱ्या मुली.

योजना चांगली आहे, बंद करा असं मी म्हणत नाही. वाढवा म्हणतो. पण सोलापूरकडच्या माळावरच्या गावाला जी सायकल, तीच जावळी-पाटणच्या डोंगरातल्या वाडीला? पाच किलोमीटर म्हणजे पाच किलोमीटर, असं कागदाला वाटतं. पायांना तसं वाटत नाही. नदीकाठच्या पाच किलोमीटरला वीस मिनिटं लागतात. खिंड ओलांडून जाणाऱ्या पाच किलोमीटरमध्ये निम्मा रस्ता सायकल ढकलायची असते आणि मग पोरगी म्हणते, त्यापेक्षा चालत बरी. ती सायकल पुढे भावाकडे जाते, नाहीतर विकली जाते. मग कुणीतरी सभेत म्हणतं, "यांना फुकट दिलं की किंमत नसते." किंमत असते हो. चढ चढत नाही, एवढंच असतं.

त्यामुळे माझ्या मागण्या साध्या आहेत. एकही खर्चिक नाही.

१. योजनेच्या अर्जात अंतराच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना टाका: रस्ता सपाट, मध्यम चढाचा की घाटाचा. मुख्याध्यापकांना तो भरायला पाच मिनिटं लागणार नाहीत, त्यांना गाव पाठ असतं.

२. मध्यम चढाच्या गावांना तीच साधी सायकल द्या, पण मागे २२ दात्यांच्या फ्रीव्हीलची. किमतीत फारसा फरक पडत नाही. नुसतं ऑर्डर देताना सांगावं लागतं.

३. घाटाच्या गावांसाठी वाढीव अनुदान द्या, म्हणजे पुढे एक आणि मागे सात गियरची, चेनकव्हर आणि मडगार्ड असलेली सायकल घेता येईल. पाच हजारांत ती येत नाही, हे दुकानात जाऊन कुणीही खात्री करून घ्यावी.

४. तालुक्यातल्या चार-पाच सायकल दुरुस्तीवाल्यांना आयटीआयमध्ये आठवडाभराचं गियर दुरुस्तीचं प्रशिक्षण द्या. सायकल देऊन दुरुस्ती न देणं म्हणजे बोअर मारून पंप न बसवणं.

५. शाळांनी स्टँडमध्ये सायकली लावायला लोखंडी कठडे करावेत. एक पडली की दहा पडतात, हे थांबेल. माजी विद्यार्थ्यांच्या एका बॅचचा गेट-टुगेदरचा खर्च यात भागतो.

"भाऊ, आता सायकल कोण चालवतं? आठवीतली पोरं ॲक्टिव्हावर फिरतात," असा रिप्लाय येणार हे मला माहीत आहे. बरोबर आहे, फिरतात. म्हणूनच हे लिहितोय. सोळा ते अठरा वयात फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगियर गाडीचं लायसन्स मिळतं. ॲक्टिव्हा त्यात बसत नाही, तिला अठरा पूर्ण लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ प्रमाणे अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. २५ हजार दंड, तीन वर्षांपर्यंत कैद आणि गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द. "आमचं पोरगं जपून चालवतं" हे कोर्टात चालत नाही.

पण आई-बाप पोराच्या हातात गाडी का देतात, हेही बघा. हौसेनं देणारे असतातच. पण शाहूनगरच्या एका वाचकानं मला सांगितलं की त्यांनी पोरीला आधी साधी सायकलच घेतली होती. ती रोज संध्याकाळी घामानं भिजून, रडकुंडीला येऊन घरी यायची. आईला बघवेना. सहा महिन्यांनी स्कूटी आली. चुकीच्या सायकलमुळे ते घर सायकलीपासूनच तुटलं. ती पोरगी आता कितीही सांगितलं तरी सायकलवर बसणार नाही. अशी किती घरं असतील? म्हणून "गियर की साधी" हा प्रश्न मला हौशी लोकांचा वाटत नाही. बरोबर सायकल मिळाली तर एक पोर अठरा वर्षांपर्यंत सुरक्षित आणि स्वतःच्या पायावर शाळेला जातं. चुकीची मिळाली तर सहा महिन्यांत किल्ली मागतं.

तर पालकहो, दुकानात जाण्याआधी एवढं करा. रोजचा रस्ता एकदा पायी चाला. जिथे चढ वाटेल तिथे एक मीटर लांबीची सरळ पट्टी रस्त्यावर ठेवा आणि गवंड्याकडची पाणसळ तिच्यावर धरा. पट्टीचं खालचं टोक पाणसळ जुळेपर्यंत उचला. किती सेंटिमीटर उचलावं लागलं, तेवढे टक्के चढ. दोन-तीनपर्यंत असेल तर साधी. तीन-चार असेल, किंवा पाच असूनही चढ थोडक्यात संपत असेल तर साधी, मागे २२ चं फ्रीव्हील लावून. पाचच्या वर आणि चढ लांब असेल तर गियर. रस्त्यात मोकळ्या माळाचं समोरून येणारं वारं फार असेल तरी गियरचा विचार करा, वारं म्हणजे न दिसणारा चढच असतो.

मग दुकानदाराला सांगा, घ्यायची का नाही ते चढावर चालवून बघून ठरवतो. दुकानासमोरच्या सपाट रस्त्यावर कुठलीही सायकल मस्तच पळते. आणि सायकल ज्याला चालवायचीय त्यालाच बसवून बघा. सीटवर बसून चवड्यांनी जमीन लागली पाहिजे. "पुढच्या वर्षी उंच होईल" म्हणून दोन साइझ मोठी घेऊ नका, शाळेचा गणवेश नाहीय तो.

कमेंटमध्ये तुमचं गाव, रोजचा रस्ता आणि चढ कुठे आहे ते लिहा. जावळी, पाटण, महाबळेश्वर भागातल्या शिक्षक मित्रांनी तर नक्की लिहा, किती मुली मिळालेली सायकल वापरतात आणि किती घरी ठेवून चालत येतात. ती यादी घेऊन मी स्वतः झेडपीत जाणार आहे. पुढच्या वर्षीच्या खरेदीचा कागद हलायच्या आत ती तिथल्या टेबलावर पोचली पाहिजे.